फ्रीज चालू आहे. पण किती अंशांवर?

शिरूर तालुक्यातल्या निमोणे-न्हावरे भागातला मधुमेहाचा रुग्ण सरकारी दवाखान्यात तपासणीला येतो, तेव्हा विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. गोड किती खाता? गोळी चुकली का? सुई कुठे टोचता? इन्सुलिन कुठे ठेवता? या शेवटच्या प्रश्नाला ‘फ्रीजमध्ये’ असे उत्तर आले, की डॉक्टरांचे समाधान होते आणि पुढच्या रुग्णाचा केसपेपर समोर येतो. फ्रीज रात्रभर चालू असतो का, बाटली दाराच्या कप्प्यात असते की बर्फाच्या खणाला चिकटून, आत नेमके किती अंश तापमान असते, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारले तरी रुग्णाला सांगता येणार नाही. घरात ताप मोजायचा थर्मामीटर असतो, हल्ली साखर मोजायचे यंत्रही असते. फ्रीजचे तापमान मोजणारे मात्र काहीच नसते.

त्या फ्रीजबद्दल घरात एकच आकडा येतो, तोही महिन्यातून एकदा आणि घरातल्या बाकी सगळ्या उपकरणांच्या आकड्यात मिसळून. तो म्हणजे वीजबिल. बिल वाढले की संशय पहिल्यांदा फ्रीजवर जातो, कारण घरात चोवीस तास चालणारी वस्तू तीच. मग रात्री जेवणे उरकली की फ्रीजचे बटण बंद करायचे आणि सकाळी दूध आले की चालू करायचे, असा उपाय सुरू होतो. बिल किती कमी झाले हे कोणी तपासत नाही आणि आतल्या इन्सुलिनचे काय झाले हेही कळत नाही.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. फ्रीज किती वीज घेतो आणि त्या बदल्यात आत किती थंडावा ठेवतो, हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून वाचले, तर बिलाचे कोडेही सुटते आणि औषधाची काळजीही मिटते. ज्या घरात इन्सुलिन आहे, त्या घरात फ्रीज हे उपचाराचे साधन झालेले असते. त्यामुळे त्याची नोंद ठेवण्याची सवय त्या घरालाही लागली पाहिजे आणि ती लावण्याची जबाबदारी आरोग्य यंत्रणेनेही घेतली पाहिजे.

उष्णता उपसणारी मोटर

फ्रीज थंडी ‘तयार’ करतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. विहिरीवरची मोटर खालचे पाणी वर उचलते, तसा फ्रीजचा कॉम्प्रेसर कमी तापमानाच्या जागेतली उष्णता उचलून जास्त तापमानाच्या जागेत, म्हणजे स्वयंपाकघरात सोडतो. फ्रीजच्या मागची जाळी किंवा बाजूचा पत्रा गरम लागतो तो याच उपशामुळे. या जातीच्या यंत्राला हीट पंप म्हणतात. एसी हाही हीट पंपच. हेच यंत्र उलटे वापरून घर उबदार ठेवता येईल, ही कल्पना विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच मांडली होती. आज ब्रिटन आणि उत्तर युरोपातल्या अनेक घरांत हिवाळ्यात बाहेरच्या गार हवेतली उष्णता उपसून आत आणली जाते. एक युनिट वीज खर्चून साधारण तीन युनिट उष्णता घरात आली, तर यंत्र नीट चालले असे मानतात. हे गुणोत्तर घसरले, की घरमालक लगेच कारण शोधू लागतो. आपल्याकडे हीट पंप घराघरांत आहेत, पण त्यांच्याकडे अशा नजरेने पाहण्याची रीत पडलेली नाही.

मोटरीची उपमा थोडी पुढे नेली, तर फ्रीजचे बहुतेक आजार त्यात सापडतात. विहिरीचे पाणी जितके खोल, तितकी तेवढ्याच पाण्याला वीज जास्त. फ्रीजच्या बाबतीत खोली म्हणजे आतले आणि बाहेरचे तापमान यांतला फरक. आत ५ अंश आणि स्वयंपाकघरात २५ अंश असतील, तर फरक २० अंशांचा. एप्रिलमध्ये पत्र्याच्या छपराखाली तेच स्वयंपाकघर ४० अंशांवर गेले, तर फरक ३५ अंशांचा. विहीर एकदम खोल गेल्यासारखेच ते. त्यात बाहेरून आत झिरपणारी उष्णताही वाढते, म्हणजे उपसाही जास्त आणि उचलही जास्त. त्यामुळे उन्हाळ्यात फ्रीजचे युनिट वाढणे हा बिघाड नव्हे. किती वाढले, हे पाहायचे.

पाइप फुटला तर पाणी शेतात पोहोचत नाही आणि मोटर मात्र चालत राहते. फ्रीजच्या दाराचे रबर सैल झाले तर हेच होते. फूटव्हॉल्व्हच्या जाळीत गाळ अडकला की मोटर गुरगुरते; फ्रीजच्या मागच्या जाळीवर धूळ बसली की कॉम्प्रेसर तसाच दमतो. व्होल्टेज कमी असताना मोटर चालवली की ती तापते आणि शेवटी जळते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. कॉम्प्रेसरच्या आतही मोटरच असते.

रात्री बंद केल्याने काय वाचते?

साध्या एकदारी फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण १०० वॉट वीज घेतो. दिवसाच्या चोवीस तासांत तो तुकड्यातुकड्यांनी मिळून दहा तास चालला, तर एक युनिट झाले. महिन्याला ३० युनिट. रात्रीचे आठ तास बंद ठेवला, म्हणजे एक तृतीयांश बिल वाचले, असा हिशेब घरोघर मांडला जातो. तो चुकतो.

रात्री स्वयंपाकघर गार असते, दार उघडले जात नाही, गरम भांडे आत जात नाही. फ्रीज सगळ्यात कमी वीज घेतो तो याच वेळी. बंद ठेवल्यावर आत उष्णता झिरपतच राहते. ती सकाळी चालू केल्यावर एकदम उपसावी लागते. विहीर रात्रभर भरू दिली म्हणून सकाळचा उपसा टळत नाही. हाती लागणारी बचत अगदी थोडी असते. उलट उन्हाळ्यात पहाटेपर्यंत आतले तापमान बरेच वर जाते, दूध-भाजीत जंतू वाढायला अवसर मिळतो आणि इन्सुलिनला रोज थंड-गरमचे हेलकावे बसतात.

बिलाची भीती मात्र खोटी नाही. महावितरणच्या घरगुती दरात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत आणि दुसऱ्या टप्प्यातल्या युनिटचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट पडतो. शंभरी ओलांडली की सगळेच युनिट महाग होतात, असा एक गैरसमज आहे. तसे होत नाही, महाग दर फक्त शंभराच्या पुढच्या युनिटना लागतो. पण बिघडलेला फ्रीज महिन्याला ३० युनिट जादा खात असेल आणि ते सगळे शंभराच्या पुढे पडत असतील, तर दरमहा तीनशेहून अधिक रुपये जातात. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात ही रक्कम मोठी आहे. ती वाचवायची तर बटण बंद करून भागत नाही. बिघाड शोधावा लागतो.

दोन आकडे, चार निदाने

ताप आला म्हणजे आजार कळला असे होत नाही; ताप हे लक्षण आहे. वाढलेले युनिटही तसेच. निदानासाठी त्याच्या जोडीला दुसरा आकडा लागतो, तो आतल्या तापमानाचा. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटलीसाठी तो २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवा. दोन्ही आकडे एकत्र पाहिले की चित्र स्पष्ट होते.

युनिट जास्त, पण तापमान बरोबर: यंत्राची तब्येत ठीक आहे, त्याच्यावर ओझे जास्त आहे. दाराचे रबर, धूळ, साचलेला बर्फ, चुलीशेजारची जागा, आत ठेवलेली गरम भांडी यांत कारण सापडते. मेकॅनिकची बहुधा गरज लागत नाही.

युनिट जास्त आणि तापमानही जास्त: यंत्र धापा टाकते आहे आणि काम होत नाही. जाळी धुळीने पूर्ण गुदमरली असेल, पंखा बंद पडला असेल, गॅस गळला असेल किंवा कॉम्प्रेसर थकला असेल. साफसफाई करून दोन दिवसांत फरक पडला नाही, तर मेकॅनिकला बोलवावे.

युनिट कमी आणि तापमान जास्त: कॉम्प्रेसर पुरेसा वेळ चालतच नाही. वीज बराच वेळ नसते, व्होल्टेज इतके कमी असते की कॉम्प्रेसर उचलत नाही, किंवा थर्मोस्टॅट बिघडला आहे. बिल कमी आले म्हणून घर खुश असते आणि औषध खराब होत असते. घातक प्रकार हाच, कारण खिशाला त्याचा त्रास जाणवत नाही.

चौथा प्रकार, तापमान २ अंशांच्या खाली: उन्हाळा आला म्हणून नॉब शेवटच्या आकड्यावर फिरवला जातो आणि पावसाळ्यात, थंडीत तो तिथेच राहतो. वीज वाया जाते हे एक, आणि मागच्या भिंतीला किंवा बर्फाच्या खणाला लागून ठेवलेले इन्सुलिन गोठते हे त्याहून वाईट. गोठून वितळलेले इन्सुलिन दिसायला कधी कधी चांगल्यासारखेच दिसते. ते वापरायचे नसते.

इन्सुलिन निकामी झाले की काय होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. रुग्ण सुई वेळेवर घेत असतो, पथ्य पाळत असतो, तरी साखर वाढते. दवाखान्यात डॉक्टर डोस वाढवतात, कारण बाटलीतले औषध कमजोर झाले आहे हे त्यांना दिसत नाही. वाढवलेला डोस महिनाभर चालतो. मग ती बाटली संपते, नवी, पूर्ण ताकदीची बाटली उघडली जाते, आणि तोच वाढीव डोस टोचला जातो. आता साखर झपाट्याने खाली येते. घाम, थरथर, गोंधळ, बेशुद्धी. म्हातारा माणूस रात्री झोपेत असेल तर घरच्यांना ते कळायलाही वेळ लागतो. अशा वेळी दोष रुग्णाच्या जेवणाला दिला जातो. फ्रीजकडे कोणाचे लक्ष जात नाही.

इथे भीती वाढवण्याचेही कारण नाही. इन्सुलिन काही तासांच्या लोडशेडिंगने मरत नाही. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते. नेमकी मुदत प्रत्येक औषधाच्या पत्रकात दिलेली असते. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संघटना आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केनियातल्या निर्वासित छावणीतले तापमान, म्हणजे २५ ते ३७ अंशांदरम्यानचे रोजचे चढउतार, प्रयोगशाळेत उभे करून त्यात इन्सुलिन चार आठवडे ठेवले. ते थंड ठेवलेल्या इन्सुलिनइतकेच प्रभावी राहिले. ज्या घरात फ्रीज नाही, तिथे ओल्या वाळूत किंवा माठात बंद डबी ठेवण्याचा जुना उपायही उपयोगी आहे, आणि शिरूरसारख्या कोरड्या हवेच्या भागात उन्हाळ्यात तो चांगला चालतो. खरा धोका दोन टोकांचा आहे: गोठणे, आणि पत्र्याखालच्या चाळीस अंशांत किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत औषध पडून राहणे. कुठल्या टोकाला किती जवळ आहोत, हे अंदाजाने कळत नाही, मोजूनच कळते.

मोजायचे कसे?

तापमानासाठी फ्रीजचा साधा थर्मामीटर पुरेसा आहे. तो एखाद्या हॉटेलातल्या जेवणाच्या किमतीत मिळतो. तो मधल्या कप्प्यात, इन्सुलिनच्या डबीशेजारी, पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवावा. दार उघडताच हवेचे तापमान बदलते. पाण्याचे तसे एकदम बदलत नाही, आणि बाटलीतले औषधही पाण्यासारखेच हळूहळू गरम-गार होते. सकाळी पहिल्यांदा दार उघडताना एकदा आणि दुपारी ऐन उन्हात एकदा, असे दोन आकडे कॅलेंडरवर लिहावेत.

विजेसाठी घरचे मीटरच वापरता येते. रात्री झोपण्यापूर्वी फ्रीज सोडून बाकी सगळे बंद करून रीडिंग लिहावे, सकाळी उठल्यावर पुन्हा लिहावे. पंखा चालू ठेवायचा असेल, तर त्याचा वाटा वजा करावा. साधा छताचा पंखा आठ तासांत जेमतेम अर्धा-पाऊण युनिट घेतो. याहून सोपी युक्ती मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याची आहे. मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती लुकलुक, हे छापलेले असते, उदाहरणार्थ ३२००. घरात फक्त फ्रीज चालू असताना आणि कॉम्प्रेसरचा आवाज येत असताना दहा मिनिटांत दिवा पन्नासेक वेळा लुकलुकला, तर फ्रीज शंभर वॉटच्या आसपास घेतो आहे. फ्रीज बंद केल्यावरही दिवा लुकलुकत राहिला, तर वीज दुसरीकडेच कुठेतरी जाते आहे. टीव्हीच्या डब्यापासून वायरिंगमधल्या गळतीपर्यंत काहीही असू शकते. प्लगमध्ये बसवायचे छोटे युनिट-मीटरही बाजारात मिळते. ते एकाच घराने घ्यावे असे नाही. बचतगटाने घेतले, तर आठवड्याला एक घर याप्रमाणे गल्लीतले सगळे फ्रीज तपासून होतात.

आलेला आकडा कशाशी ताडायचा? फ्रीजच्या दारावर चिकटवलेल्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ही लेबल योजना २००६ मध्ये सुरू केली. त्या आकड्याला ३६५ ने भागले, की दिवसाचा आकडा मिळतो. तो प्रयोगशाळेतला असल्याने घरात, विशेषतः उन्हाळ्यात, वापर त्याहून जास्त होणारच. पण सततच दुपटीच्या पुढे जात असेल, तर तपासणी हवी. साधा कॉम्प्रेसर तासाला निम्मा-अधिक वेळ शांत असायला हवा. अहोरात्र घरघर चालू असेल तर ती धापच आहे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर त्याला अपवाद, तो हळू गतीने सतत चालतो. त्याच्या आवाजावरून निष्कर्ष काढू नये.

बिघाड शोधताना

सुरुवात फुकटच्या उपायांनी करावी. दारात दहाची नोट ठेवून दार लावावे. ती सहज ओढून निघाली, तर तिथले रबर सैल आहे. आधी ते कोमट साबणपाण्याने पुसून पाहावे. पुष्कळदा रबरात साचलेला चिकटपणाच आडवा येतो. मागची जाळी महिन्या-दोन महिन्यांनी ब्रशने झाडावी, अर्थात प्लग काढून. नव्या फ्रीजना मागे जाळी दिसत नाही. त्यांची उष्णता बाजूच्या पत्र्यातून बाहेर पडते, म्हणून भिंत आणि फ्रीज यांत चार बोटे जागा सोडावी आणि वरून कापडाचे झाकण घालू नये. गॅसची शेगडी आणि पश्चिमेची तापणारी भिंत यांच्यापासून फ्रीज दूर हलवणे हा एकच बदल काही घरांत पुरेसा ठरतो.

बर्फाच्या खणात अर्धा सेंटिमीटरहून जाड थर साचला, की फ्रीज बंद करून तो वितळू द्यावा. सुरी-पेचकस लावून बर्फ फोडणे टाळावे. आतली नळी फुटली तर गॅस जातो आणि नव्या फ्रीजमधला गॅस बहुधा ज्वलनशील असतो. त्या वेळी इन्सुलिनची डबी माठाशेजारी सावलीत ठेवावी, बर्फात खुपसू नये.

वस्तीवरच्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. गावठाणातल्या घरांना वेगळ्या फीडरवरून वीज मिळते. शेतातल्या वस्त्या पुष्कळदा शेतीच्या फीडरवर असतात, आणि तिथे पाळी आली की एकदम मोटरी चालू होऊन व्होल्टेज कोसळते. अशा ठिकाणी चांगला स्टॅबिलायझर ही चैन नाही. वीज गेली आणि लगेच आली, तर फ्रीज चालू करण्यापूर्वी पाच मिनिटे थांबावे. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर युनिटचा विचार बाजूला ठेवून आधी अर्थिंग तपासून घ्यावे. तो प्रश्न जिवाचा आहे.

एसी आता तालुक्याच्या गावांतही दिसू लागला आहे. त्यालाही हेच नियम लागू पडतात: फिल्टर साफ, बाहेरच्या युनिटला सावली आणि मोकळी हवा, आणि उचल कमी. जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू करताच २४ अंशांवर येतात, ते यासाठीच. घरात वृद्ध, हृदयरोगी किंवा तान्हे बाळ असताना मात्र बिलाच्या धास्तीने कूलर, पंखा, एसी बंद ठेवणे महागात पडते. तिथेही आकडा हाताशी असला, की भीती आवाक्यात राहते.

लशीला नोंदवही, इन्सुलिनला का नाही?

हे सगळे एका घराने करायचे म्हणजे फार होते, असे वाटू शकते. पण ग्रामीण भागाला ही शिस्त नवी नाही. दूध संकलन केंद्रावरच्या बल्क कूलरचा काटा रोज पाहिला जातो, कारण दूध चार अंशांच्या आसपास राहिले नाही तर नासते आणि नुकसान त्याच दिवशी दिसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात लशींचा फ्रीज असतो. त्याच्या भिंतीत बर्फाचे अस्तर असते, आणि त्याचे तापमान सुट्टीच्या दिवशीही, दिवसातून दोनदा नोंदवहीत लिहायचे असते. २०१५ पासून देशात ‘ई-विन’ ही व्यवस्था उभी राहिली आणि या फ्रीजमधले तापमान संवेदकांमार्फत मोबाइलवर दिसू लागले. लशीच्या कुपीवर उष्णतेची मात्रा दाखवणारा, रंग बदलणारा चौकोनही असतो. परिचारिका तो पाहून कुपी वापरायची की नाही ते ठरवते.

इन्सुलिनच्या बाटलीवर असा चौकोन नाही. तीच यंत्रणा, तेच तापमान, तशीच नाजूक प्रथिने. पण बाटली रुग्णाच्या पिशवीत गेली, की सगळी शिस्त दवाखान्याच्या दारात थांबते. लस बाळाला काही वेळाच दिली जाते, इन्सुलिन रोज, जन्मभर टोचले जाते. तरी त्याच्या साठवणुकीची सगळी सूचना ‘फ्रीजमध्ये ठेवा’ या दोन शब्दांत संपते.

उपाय खर्चिक नाही. सरकारी दवाखान्यातून ज्याला इन्सुलिन दिले जाते, त्याला पहिल्या बाटलीसोबत एक साधा थर्मामीटर आणि महिन्याची रेघा आखलेली पट्टी द्यावी. पट्टीवर दोन रकाने असावेत: सकाळ-दुपारचे तापमान आणि आठवड्याचे मीटर रीडिंग. आशाताई घरी येतील तेव्हा बीपीच्या जोडीने त्या पट्टीवर नजर टाकतील. साखर विनाकारण वाढलेली दिसली, तर डोस वाढवण्यापूर्वी डॉक्टरांनी ती पट्टी पाहावी, आणि शंका आली तर आधी बाटली बदलावी. डोस वाढवणे हा सोपा निर्णय आहे. म्हणूनच त्याआधी एक प्रश्न विचारण्याची सक्ती स्वतःवर घालून घ्यायला हवी.

यावर एक आक्षेप येईल. दवाखान्यात औषधांचाच तुटवडा पडतो, तिथे थर्मामीटर कुठून आणणार? पण निकामी झालेली प्रत्येक बाटली हा तुटवड्यातच भर घालते आणि साखर घसरून बेशुद्ध झालेल्या रुग्णाची एक रात्रीची भरती शेकडो थर्मामीटरांहून महाग पडते. दुसरा आक्षेप असा, की अशा नोंदी कोण ठेवणार? तर ज्या घरात उसाच्या टनांचा, दुधाच्या फॅटचा आणि पाण्याच्या पाळीचा हिशेब बिनचूक ठेवला जातो, त्याच घरात. तिथे आकड्यांची भीती नाही. कुठला आकडा पाहायचा, एवढेच कोणी सांगितलेले नाही.

पुढच्या वेळी बिल वाढले, तर फ्रीजचे बटण बंद करण्यापूर्वी त्यात पाण्याचा पेला आणि थर्मामीटर ठेवून एक रात्र वाट पाहावी. सकाळी मिळालेला आकडा मेकॅनिकलाही सांगावा आणि डॉक्टरांनाही. दोघांनाही त्यातून काहीतरी कळेल.